चालत्या सर्व्हरला हात लावायलाच हवा

लिनक्सचा सर्व्हर एकदा नीट बसवला की पुन्हा त्याला हात लावायचा नाही, हे मत आपल्याकडे अनुभवी माणसांच्या तोंडून इतक्या ठामपणे येतं की नव्यानं कामाला लागलेला मुलगा पहिल्याच आठवड्यात ते उचलतो. छोट्या सॉफ्टवेअर कंपन्या, पतसंस्था, महाविद्यालयांचे संगणक विभाग, इस्पितळं, कुठंही जा. एखादं यंत्र असतंच, ज्याच्याबद्दल सांगितलं जातं, ‘तीन वर्षं एकदाही बंद पडलेलं नाही.’ सोबत ‘अपटाइम’चा आकडा दाखवतात. माझं म्हणणं असं, की हा आकडा मिरवण्याचा नाही. चालू कर्नलमध्येच दुरुस्ती बसवण्याची सोय, म्हणजे लाइव्ह पॅचिंग, वापरलेली नसेल तर तीन वर्षं रीबूट न झालेल्या यंत्रावर तीन वर्षांपूर्वीचाच कर्नल चालू असतो, आणि त्यात नंतर सापडलेली प्रत्येक त्रुटी तिथं जशीच्या तशी असते.

‘चालतंय ना, मग हात लावू नका’ म्हणणाऱ्यांना आळशी ठरवून हा वाद जिंकता येणार नाही. त्यांतल्या बहुतेकांनी रात्री अकराला पॅच मारून पहाटेपर्यंत डेटाबेस उठवत बसण्याचा ताप सोसलेला असतो. पीएचपीची आवृत्ती बदलली आणि दहा वर्षांपूर्वी कोणीतरी लिहून दिलेलं पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर कोसळलं, हे खरोखर घडतं. आणि गेल्या काही वर्षांत त्यांच्या बाजूचे पुरावेही वाढले आहेत. त्यांतला सर्वांत जोरदार आधी घेतो.

२९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या विकसकानं जाहीर केलं, की फाइली आवळून लहान करणाऱ्या एक्सझेड या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरवाट ठेवली आहे. एसएसएचनं लॉगिन करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्याशा खुणेवरून त्यानं ती शोधली. ‘जिया टान’ या नावानं वावरणाऱ्या व्यक्तीनं दोन वर्षांहून अधिक काळ त्या प्रकल्पात काम करून, विश्वास कमावून ती आत घुसवली होती. डेबियन आणि फेडोरासारख्या वितरणांत एसएसएचची सेवा सिस्टमडीमार्गे एक्सझेडच्या लायब्ररीशी जोडली जाते, म्हणून ही वाट थेट सर्व्हरच्या लॉगिनपर्यंत पोहोचत होती. आणि विषारी आवृत्ती कोणाच्या यंत्रावर गेली? जे सर्वांत ताजं तेच घेत होते त्यांच्या. ‘बघा,’ प्रतिपक्ष म्हणतो, ‘हात लावला नाही म्हणून आम्ही वाचलो.’

पण वाचलेल्यांची नीट ओळख करून घ्या. डेबियनच्या स्थिर आवृत्तीवर असलेले वाचले, रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स चालवणारे वाचले. यांतले जागरूक लोक पॅच मारतच होते. स्थिर शाखेत नवी वैशिष्ट्यं येत नाहीत. सुरक्षेची दुरुस्ती तेवढी उचलून जुन्या आवृत्तीत बसवली जाते, आणि त्यासाठी वितरणांकडे माणसं नेमलेली असतात. (म्हणूनच रेड हॅट ७ वर ओपनएसएसएच ७.४ दिसलं एवढ्यावरून अहवालात लाल शेरा मारणारे लेखापरीक्षकही अर्धंच वाचतात. पॅकेजच्या क्रमांकाचा पुढचा भाग आणि बदलांची नोंद पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये.) सर्वांत नवं घेणं वेगळं आणि दुरुस्त केलेलं घेणं वेगळं. एक्सझेडचा प्रसंग पहिल्याबद्दल सावध करतो. दुसरं टाळणाऱ्याला त्यातून काहीही आधार मिळत नाही.

दुसरा पुरावाही त्याच वर्षीचा. १ जुलै २०२४ रोजी क्वालिस या कंपनीनं, तिचं मोठं कार्यालय आपल्या पुण्यातच आहे, ओपनएसएसएचमधली एक गंभीर त्रुटी जाहीर केली. २००६ मध्ये बुजवलेलं भोक २०२१ साली ८.५ या आवृत्तीत नजरचुकीनं पुन्हा उघडलं गेलं होतं. म्हणजे ७.४ वाले या वेळी सुटले. २०१४ च्या एप्रिलमध्ये हार्टब्लीडच्या वेळीही असंच झालं होतं. ओपनएसएसएल १.०.१ चालवणाऱ्यांच्या सर्व्हरच्या मेमरीतून एका खेपेला ६४ किलोबाइटपर्यंत मजकूर बाहेरचा माणूस काढून नेऊ शकत होता, आणि ०.९.८ वर थांबलेले सुखरूप होते. या दोन प्रसंगांवर ‘जुनं ते सोनं’ हा सिद्धांत उभा केला जातो. मात्र त्याच २०१४ चा सप्टेंबर या सिद्धांतात बसत नाही. तेव्हा उघड झालेली शेलशॉक ही बॅशमधली त्रुटी १९८९ पासूनची होती. नवं-जुनं सगळं एकदम उघडं पडलं. ज्यांच्या वितरणाचा आधार चालू होता त्यांना दुरुस्त्या काही दिवसांत तयार मिळाल्या. आधार संपलेल्यांना बॅशचा मूळ कोड आणून स्वतःच बांधावा लागला. जानेवारी २०२२ मध्ये क्वालिसनंच दाखवून दिलेली पीकेएक्झेकमधली त्रुटी २००९ पासून जवळजवळ प्रत्येक प्रमुख वितरणात होती, आणि तिच्या जोरावर साध्या वापरकर्त्याला थेट रूटचे अधिकार मिळत होते. कधी जुने सुटतात, कधी नवे सुटतात. ज्याला दुरुस्ती मिळतच नाही तो मात्र, त्याच्या आवृत्तीत भोक सापडलं की, दर वेळी अडकतो.

हात न लावण्याची परिणती कुठं होते याचं दक्षिण कोरियातलं उदाहरण प्रत्येक प्रशासकाला ठाऊक असायला हवं. नयाना ही तिथली वेब होस्टिंग कंपनी. १० जून २०१७ रोजी तिच्या १५३ लिनक्स सर्व्हरवर एरेबस नावाचं रॅन्समवेअर चाललं. त्यांवरची ३,४०० हून अधिक संकेतस्थळं एका फटक्यात बंद झाली. ट्रेंड मायक्रोच्या अभ्यासकांनी कंपनीच्या संकेतस्थळाची पाहणी केली, तेव्हा तिथं २००८ मध्ये बांधलेला २.६.२४.२ हा कर्नल आढळला. अपाचे १.३.३६ आणि पीएचपी ५.१.४ हे दोन्ही २००६ सालचे. हल्लेखोरांनी आधी ५५० बिटकॉइन मागितले आणि घासाघीस होत सौदा ३९७.६ वर ठरला. तेव्हाच्या भावानं ती रक्कम सुमारे १० लाख डॉलर होती, आणि ती हप्त्यांनी चुकवावी लागली. ‘लिनक्सला व्हायरस लागत नाही’ असं अजूनही बेधडक सांगणाऱ्यांनी हे १५३ सर्व्हर आठवावेत.

या प्रसंगात मला सर्वांत जास्त टोचतं ते हे, की तो कर्नल नऊ वर्षं चालत होता. ‘चालतंय ना’ या कसोटीवर त्याच्यात दोष काढायला ९ जूनलाही जागा नव्हती. पानं उघडत होती, मेल जात होती, ग्राहकांची तक्रार नव्हती. म्हणजे ही कसोटीच सुरक्षेबद्दल काही सांगत नाही. त्रुटी असलेली सेवा अगदी छान चालते. तिच्यात शिरणाऱ्यालाही ती छान चालायलाच हवी असते.

शिवाय मुक्त सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती गुपचूप होत नाही. नवा आणि जुना कोड शेजारी ठेवून कोणालाही वाचता येतो, आणि नेमकी कोणती ओळ बदलली यावरून भोक कुठं होतं ते जाणत्याला कळतं. त्यामुळे दुरुस्ती जाहीर झाल्याच्या क्षणापासून ती न बसवणाऱ्याचा धोका आदल्या दिवसापेक्षा वाढतो. अमेरिकेतल्या इक्विफॅक्सचं हेच झालं. अपाचे स्ट्रट्सची दुरुस्ती ७ मार्च २०१७ रोजी आली, आणि ती न बसवलेल्या यंत्रणेतून मेच्या मध्यापासून १४ कोटींहून अधिक माणसांची माहिती बाहेर गेली. ती यंत्रणा लिनक्सवर नव्हती, पण मुद्दा तोच.

‘आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय?’ हा प्रश्न तर आता निरर्थक झाला आहे. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी झेडमॅप हे साधन प्रसिद्ध केलं. त्यानं एका साध्या यंत्रावरून, एक गिगाबिटच्या जोडणीवर, सगळं आयपीव्ही-४ इंटरनेट ४५ मिनिटांच्या आत धुंडाळता येत होतं. तुमची पतसंस्था कोणी निवडत नाही. सगळ्यांनाच चाचपून पाहिलं जातं आणि जे उघडं सापडेल ते घेतलं जातं. नवा सर्व्हर इंटरनेटवर जोडा आणि थोड्या वेळानं लॉगिनच्या नोंदी उघडून पाहा. रूट, ॲडमिन, टेस्ट, ओरॅकल अशा नावांनी फसलेल्या प्रयत्नांच्या रांगा दिसतील.

आता त्या भीतीकडे येतो जी या सगळ्या युक्तिवादांच्या तळाशी आहे आणि सहसा बोलून दाखवली जात नाही. रीबूट केलं आणि सर्व्हर परत उठलाच नाही तर?

ही भीती खरी आहे, आणि तिची कारणं ओळखीची आहेत. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी सेवा ‘स्टार्ट’ केली, पण ‘एनेबल’ करायची राहून गेली. फायरवॉलचे नियम हातानं घातले, साठवले नाहीत. नवी डिस्क जोडली, पण एफएसटॅबमध्ये ओळ लिहिली नाही. जावाचं एक ॲप्लिकेशन स्क्रीनच्या सत्रात सुरू करून ठेवलं, आणि सुरू करणारा माणूस नोकरी सोडून गेला. सर्व्हरची चालू स्थिती आणि त्याच्या फाइलींत लिहिलेली स्थिती यांत दर महिन्याला अंतर पडत जातं. रीबूटच्या दिवशी हे सगळं अंतर एकदम अंगावर येतं. पण म्हणून रीबूट टाळलं तर ते अंतर कमी होतं का? ते वाढतच राहतं. आणि वीजपुरवठ्याचा भाग जळेल, होस्टचं यंत्र बदललं जाईल, डिस्क भरेल, तेव्हा रीबूट होणारच आहे. फक्त ती वेळ तुम्ही ठरवलेली नसेल, जाणकार माणूस शेजारी नसेल, आणि महिन्याअखेरचे व्याजाचे हिशेब चालू असतील. ज्या सर्व्हरला रीबूट करायची भीती वाटते तो सर्व्हर आजच नादुरुस्त आहे. दर महिन्याला रीबूट होणाऱ्या सर्व्हरवर पडलेलं अंतर एका महिन्याचंच असतं, आणि एवढं शोधून दुरुस्त करणं माणसाच्या आवाक्यात असतं.

मग करायचं काय? लांब आधार असलेलं वितरण निवडावं आणि त्याच्या आधाराची शेवटची तारीख कार्यालयाच्या कॅलेंडरवर लिहावी. सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप बसू द्याव्यात. डेबियन-उबंटूवर अनअटेंडेड-अपग्रेड्स, रेड हॅटच्या कुळात डीएनएफ-ऑटोमॅटिक हे काम वर्षानुवर्षं करत आले आहेत. मोठे बदल आधी चाचणीच्या सर्व्हरवर, मग स्नॅपशॉट घेऊन लाइव्हवर. फाइल बदलली तरी चालू प्रक्रियेच्या मेमरीत जुनीच लायब्ररी राहते, हे पुष्कळ जण विसरतात. नीडरीस्टार्टसारखं साधन कोणत्या सेवा पुन्हा सुरू करायच्या ते सांगतं, आणि कर्नल नवा असेल तर रीबूटला पर्याय क्वचितच असतो. एसएसएचला पासवर्ड बंद, किल्ली चालू, रूटला थेट प्रवेश नाही. एसईलिनक्स अडथळा करतंय म्हणून ते बंद करून टाकण्याची सवय सोडून नोंद वाचावी आणि नियम दुरुस्त करावा. आणि बॅकअप घेतला एवढ्यावर न थांबता तो दुसऱ्या यंत्रावर उतरवून पाहावा, कारण पॅच फसला तरी मागे जाता येईल हा भरवसा असल्याशिवाय कोणताही प्रशासक धीटपणे हात लावणार नाही.

प्रतिपक्षाची एक तक्रार मात्र मी पूर्ण मान्य करतो. डिसेंबर २०२० मध्ये सेंटओएस ८ चा २०२९ पर्यंत जाहीर झालेला आधार अचानक २०२१ च्या अखेरीवर आणला गेला. ज्यांनी प्रामाणिकपणे वेळेत नव्या आवृत्तीवर उडी घेतली होती त्यांच्यावर तो अन्यायच होता. अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स त्यातूनच उभे राहिले, आणि तिकडे जाण्याची साधनंही त्यांनी दिली. राग समजतो. पण त्या रागापायी ७ वर मुक्काम ठोकून बसणं म्हणजे दुसऱ्याच्या चुकीची शिक्षा आपल्या ग्राहकांना देणं आहे.

खरं दुखणं मात्र सर्व्हरखोलीच्या बाहेर आहे. ठरवून, कळवून, रविवारी पहाटे वीस मिनिटं सेवा बंद ठेवली तरी प्रशासकाला सोमवारी जाब विचारला जातो. वर्षभर पॅच न मारल्याबद्दल त्याला कोणी एक अक्षर विचारत नाही. अशा कार्यालयात हात न लावणं हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो, आणि दोष त्या माणसाला देता येत नाही. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची खबर सहा तासांत द्यावी लागते आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. सर्व्हरवर काय चालू आहे हेच ज्याला तीन वर्षांत तपासू दिलेलं नाही, तो माणूस सहा तासांत काय सांगणार?

म्हणून माझी विनंती प्रशासकांइतकीच संस्थाचालकांना आहे. महिन्यातला एक तास देखभालीसाठी लेखी मंजूर करा, त्याची सूचना ग्राहकांना द्या, आणि त्या तासात सेवा बंद राहिली तर त्याची जबाबदारी स्वतःवर घ्या. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ रोजी संपला आहे. तुमच्याकडे तो अजून चालू असेल, तर नव्या वितरणावर जाण्याची तारीख याच आठवड्यात ठरवा.