कालव्याचा कांठ कोणाचा?

कालवा म्हणजे शहराच्या अंगावरचें एक उघडें गटार. तें जितक्या लवकर जमिनीखालीं जाईल व त्याच्या जागीं रुंद रस्ता होईल तितकें बरें, असें एक मत पुणें व पिंपरी-चिंचवडच्या शहाण्या मंडळींत हल्लीं रूढ होऊं पाहत आहे. हें मत मांडणारे लोक अडाणी नाहींत. त्यांत आमचे जुने विद्यार्थीहि असतील. म्हणूनच त्याचा समाचार घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

विषयाचा आरंभ आम्ही दापोडीपासून करतों, ह्याचें वाचकांस नवल वाटेल. कारण दापोडीस हा कालवा नाहीं. परंतु पाण्याच्या कांठची जागा एकदां हातची गेली म्हणजे काय होतें हें पाहावयाचें असेल, तर दापोडीइतकें योग्य स्थळ नाहीं. येथें पवना मुळेस मिळते. १८२८ सालीं मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्यांनीं कॅप्टन फोर्डचा येथील बंगला सरकारसाठीं घेऊन त्याच्या आवारांत वनस्पतींची बाग सुरू केली. १८३८ पासून ती डॉ. अलेक्झांडर गिब्सन ह्यांच्या हातीं आली. औषधी झाडें लावून सरकारी दवाखान्यांस औषधें पुरविण्याचा उद्योग त्यांनीं तेथें चालविला. पुढें १८४७ मध्यें मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक तेच झाले. बागेंतल्या झाडांचीं चित्रें त्यांनीं एका पोर्तुगीज-हिंदी चित्रकाराकडून काढविलीं. चित्रकाराचें नांव उरलें नाहीं, बागहि १८६५ मध्यें मोडली. पण चित्रें एडिंबरोच्या वनस्पति-उद्यानांत जपून ठेविलेलीं आहेत, व २००२ सालीं हेन्री नोल्टी ह्यांनीं त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. म्हणजे दापोडीची बाग पाहावयाची तर एडिंबरोस जावें! दापोडींत हॅरिस पुलावर उभें राहून नदीकडे पाहूं म्हटलें, तर मागून येणारी मोटार तेवढीहि सवड देत नाहीं. कांठाकांठानें मैलभर निवांत चालावें अशी वाट नाहीं. सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारांत वल्हीं मारण्याच्या शर्यतींसाठीं केलेला सरळ जलमार्ग आहे, व तेथें तयार होऊन दत्तू भोकनळ २०१६ च्या ऑलिंपिकपर्यंत पोंचले. पण तें लष्कराचें आवार, तेथें सर्वांस मोकळीक नसावी हें रास्तच आहे. आमचा प्रश्न जें सर्वांचें आहे त्याबद्दल आहे.

खडकवासल्याचें धरण कर्नल फाइफ ह्यांच्या योजनेनें १८६९ च्या सुमारास सुरू होऊन दहा-एक वर्षांत पुरें झालें. जोतीराव फुले ह्यांनीं कंत्राटदार म्हणून त्या कामास साहित्य पुरविलें. आणि ज्यांनीं हें बांधकाम जवळून पाहिलें होतें त्यांनींच १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' ह्या ग्रंथांत पाटबंधारे खात्याच्या कारभारावर कोरडे ओढले. मराठी वाचकास मुठेचा कालवा परका वाटावा असें ह्यांत कांहींच नाहीं. पण शिवनेरीची पायरी चढतांना ज्यांचा ऊर भरून येतो, त्यांनाच ह्या कालव्याचा कांठ उकिरड्यासारखा दिसतो. कारण इतिहास म्हणजे तट आणि तलवार, अशी आमच्या शाळांनीं त्यांची समजूत करून दिली आहे. पाथरवटाच्या छिन्नीस त्यांत जागा नाहीं. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पाणी टेकडीच्या कडेनें न्यावयाचें तर उतार इतका मंद ठेवावा लागतो कीं चालणाऱ्यास तो कळत नाहीं. म्हाताऱ्यास किंवा पोरासोरांस दम लागणार नाहीं अशी वाट अभियंत्यांनीं दीडशें वर्षांपूर्वींच आंखून ठेविली आहे.

ह्या धरणाचा डावा कालवा गणेशखिंड-खडकीकडे, म्हणजे दापोडीच्या पैलतीराच्या बाजूस जात असे. त्याची स्मृति आज 'कॅनॉल रोड' ह्या नांवांत उरली आहे, व त्या स्मृतीवर मोटारी उभ्या असतात. उजवा कालवा वाहता राहिला. पण खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत पाणी भुयारांतून नेण्याची योजना शासनानें पुढें आणली आहे. ह्या योजनेस आमचा विरोध नाहीं. उघड्या कालव्यांतून पाणी मुरतें, चोरीस जातें, घाण होतें. आणि २७ सप्टेंबर २०१८ रोजीं कालव्याची भिंत फुटून दांडेकर पुलाजवळच्या वस्तींत पाणी शिरलें व गरिबांचे संसार पाण्यांत गेले, हें विसरून कालव्याचें काव्य गाणाऱ्यांस आम्ही दूरच ठेवूं. पण पाणी भुयारांत गेल्यावर वरची जमीन कोणाची?

रस्तेवाल्यांचें उत्तर तयार आहे. असलेंच उत्तर अमेरिकेंत वॉशिंग्टनच्या एका मोठ्या वृत्तपत्रानेंहि १९५४ सालीं दिलें होतें. पोटोमॅक नदीच्या कांठचा चेसापीक-ओहायो कालवा १९२४ पासून बंद पडला होता. त्याच्या मार्गावर मोटाररस्ता करावा, असें त्यानें सुचविलें. तेथील सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति विल्यम डग्लस ह्यांनीं संपादकांस उलट पत्र लिहिलें: आधीं माझ्याबरोबर चालून पाहा. मार्च महिन्यांत ते कंबर्लंडहून निघाले व सुमारें १८४ मैल पायीं चालले. सबंध अंतर चालून येणारे नऊच जण. पण वृत्तपत्रानें आपलें मत बदललें, व १९७१ मध्यें तो कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला. आमच्याकडे न्यायमूर्तींनीं चालावें असा आमचा आग्रह नाहीं. नगरसेवकांनीं स्वारगेटपासून हडपसरापर्यंत चालून दाखविलें तरी पुरे.

अमेरिका श्रीमंत आहे, असें कोणी म्हणेल. मातीची वाट डांबरी रस्त्याहून स्वस्त पडते, ह्यास श्रीमंती लागत नाहीं. टवाळखोर जमतील, असें दुसरा म्हणेल. टवाळखोर जमतात ते जेथें कोणी चालत नाहीं तेथें. ज्या आक्षेपास आम्ही मान देतों तो निराळा आहे: बागेच्या नांवाखालीं कांठावरच्या झोपड्या उठवितील, ही भीति. ती खोटी नाहीं. म्हणून त्या लोकांचीं घरें जवळपास कोठें होणार हें आधीं ठरलें पाहिजे, आणि वाटेच्या आराखड्यांत त्यांचा शब्द चालला पाहिजे. कालव्याचें पाणी फुटलें तेव्हां तें त्यांच्याच दारांत आलें होतें.

आमची मागणी मोठी नाहीं. कालव्याची पट्टी तुकडे न पाडतां सलग राहावी. कांठचीं झाडें तोडूं नयेत. जुने दगडी बांधकाम व दरवाजे जागच्या जागीं ठेवावे. कारंजीं, रंगीत दिवे व सिमेंटचे हत्ती ह्यांची हौस दुसरीकडे भागवावी. आणि हें सर्व भुयार पुरें झाल्यावर पाहूं असें कोणी म्हणूं नये. भुयाराच्या कामाचा आदेश ज्या कागदावर निघेल, त्याच कागदावर वरच्या जमिनीचें कलम असलें पाहिजे.