टीका करू, पण कागद समोर ठेवून

राहुल गांधी यांच्याविषयी पत्रिकेकडे जो मजकूर येतो, त्याचे ढोबळमानाने दोन गठ्ठे होतात. एका गठ्ठ्यात ते सावरकरद्वेष्टे, पोरकट, देशाची बदनामी करणारे असतात. दुसऱ्यात ते निर्भय, एकाकी, सत्तेने छळलेले असतात. दोन्ही गठ्ठ्यांत विशेषणांचा सुकाळ आणि तारखांचा दुष्काळ. माणूस नेमके काय बोलला, कुठे बोलला, कोणत्या कागदावर बोट ठेवून बोलला, हे सांगायला कुणालाच सवड नसते. म्हणून अशा वादग्रस्त विरोधी नेत्याबद्दल लिहिताना आमची भूमिका काय, ती एकदा सविस्तर मांडणे आम्हाला आवश्यक वाटते.

बेळगावकरांना हा विषय दूरचा नाही. १९५० साली पाकिस्तानचे पंतप्रधान लियाकत अली खान दिल्लीला येणार म्हणून सरकारने सावरकरांना स्थानबद्ध केले, तेव्हा त्यांना आपल्याच हिंडलगा कारागृहात ठेवले होते. डिसेंबर २०२२ मध्ये इथल्या सुवर्ण विधानसौधच्या सभागृहात त्यांची तसबीर लागली आणि त्या वेळी विरोधी बाकांवर असलेल्या काँग्रेसने निदर्शने केली. पुढे मे २०२३ मध्ये राज्यात त्याच पक्षाची सत्ता आली. म्हणजे दिल्लीत विरोधी बाकांवर बसणारे राहुल गांधी बेंगळुरूच्या दृष्टीने सत्ताधारी पक्षाचे नेते. त्यांच्यावर लिहिताना सीमाभागातल्या माणसाची लेखणी रागानेही घसरू शकते आणि भीतीनेही. दोन्हींवर उतारा एकच, तो म्हणजे आधार.

आधी कोलारचे उदाहरण घेऊ. १३ एप्रिल २०१९ रोजी कोलारच्या प्रचारसभेत राहुल गांधी यांनी नीरव मोदी, ललित मोदी आणि नरेंद्र मोदी ही तीन नावे घेऊन विचारले, की या सगळ्या चोरांचे आडनाव मोदी कसे? पुढे या वाक्याचे सर्रास 'सगळे मोदी चोर आहेत' असे रूपांतर झाले. दोन्ही वाक्ये कानाला सारखी वाटतात, पण अर्थाने उलटी आहेत. या गावचे सगळे सरपंच पाटील होते असे म्हटले, म्हणून सगळे पाटील सरपंच होत नाहीत. मूळ वाक्यही असभ्यच होते आणि त्यावर टीका करायला भरपूर जागा आहे. पण टीका करायची तर मूळ वाक्यावर करावी, आपण घडवलेल्या वाक्यावर नव्हे.

त्या भाषणावरून गुजरातमधील भाजपचे आमदार पूर्णेश मोदी यांनी फिर्याद केली. सुरतच्या न्यायालयाने २३ मार्च २०२३ रोजी दोन वर्षांची शिक्षा सुनावली आणि दुसऱ्याच दिवशी वायनाडची खासदारकी गेली. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८(३) नुसार दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झाली की सदस्यत्व जाते, आणि अपील करून ते टिकवून धरण्याची सवलत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या लिली थॉमस निकालात रद्द केली होती. गुजरात उच्च न्यायालयाने ७ जुलै २०२३ रोजी स्थगिती नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑगस्टला ती दिली आणि ७ ऑगस्टला खासदारकी परत मिळाली.

आता हा निकाल कसा छापला गेला ते पाहा. समर्थकांनी लिहिले, 'राहुल गांधी निर्दोष'. हे खोटे. दोषसिद्धीला स्थगिती मिळाली होती, निर्दोष मुक्तता झाली नव्हती. विरोधकांनी मथळा दिला, की न्यायालयाने कान उपटले. हे अर्धेच. सार्वजनिक जीवनातल्या माणसाने बोलताना संयम ठेवावा, ही विधाने सुरुचीला धरून नव्हती, असे न्यायमूर्तींनी जरूर म्हटले. पण कायद्यातली कमाल शिक्षा देताना खालच्या न्यायालयाने एकही कारण नोंदवले नाही, शिक्षा एक दिवसाने जरी कमी असती तरी सदस्यत्व गेले नसते, हेही त्यांनीच म्हटले. एकाच आदेशातली ही दोन वाक्ये. ज्याला जे हवे ते त्याने उचलले आणि वाचकाच्या हाती पूर्ण आदेश कुणीच दिला नाही.

आता सावरकरांकडे येऊ, कारण खरी कसोटी तिथे आहे. १७ नोव्हेंबर २०२२ रोजी भारत जोडो यात्रेत, अकोला जिल्ह्यात, राहुल गांधी यांनी सावरकरांच्या एका पत्राची प्रत पत्रकारांना दाखवली. 'आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक' या अर्थाचे शेवटचे शब्द वाचले आणि सावरकरांनी भीतीपोटी इंग्रजांना मदत केली, असा आरोप केला. महाराष्ट्र खवळला. त्यांच्याच आघाडीतले उद्धव ठाकरे यांनीही आपण सहमत नसल्याचे जाहीर केले. देवेंद्र फडणवीस यांनी उत्तरादाखल महात्मा गांधींचे ड्यूक ऑफ कॅनॉट यांना लिहिलेले पत्र पुढे केले, ज्याचा समारोप अशाच 'सेवक' शब्दाने होतो.

इथे मराठी पत्रिकेने काय करावे? रागाने लेखणी उचलणे सोपे आहे. पण वाचकाला कागद दाखवायचा तर सगळे कागद दाखवावे लागतात. सावरकरांनी १९११ पासून १९२० पर्यंत सुटकेसाठी एकाहून अधिक अर्ज केले, हे सत्य आहे. त्यांतला १९१३ चा अर्ज इतिहासकार र. चं. मजुमदार यांनी अंदमानच्या कारागृहावरील आपल्या १९७५ च्या ग्रंथात छापला आहे. खुद्द सावरकरांनी 'माझी जन्मठेप'मध्ये अर्जांचा विषय लपवलेला नाही. तेव्हा 'असे अर्ज केलेच नाहीत' असे लिहून येणारा मजकूर, तो कितीही भक्तिभावाने लिहिलेला असो, आम्ही छापू शकत नाही.

त्याच वेळी पत्राच्या शेवटचा 'आज्ञाधारक सेवक' हा त्या काळच्या इंग्रजी सरकारी पत्रव्यवहारातला ठरीव मायना होता. त्यावरून लिहिणाऱ्याच्या मनातली भीती मोजता येत नाही. पन्नास वर्षांची शिक्षा घेऊन सावरकर अंदमानात गेले, १९२१ पर्यंत तिथे होते आणि १९२४ मध्ये सुटल्यावरही १९३७ पर्यंत रत्नागिरीत स्थानबद्ध राहिले, हेही त्याच कागदपत्रांत आहे. अर्जामागे डावपेच होता की शरणागती, हा अर्थ लावण्याचा प्रश्न. त्यावर दोन मते असू शकतात आणि दोन्ही मते मत म्हणूनच छापली पाहिजेत.

दुसऱ्या बाजूचाही हिशेब करू. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय मंत्री राजनाथ सिंह म्हणाले, की सावरकरांनी दयेचा अर्ज गांधीजींच्या सांगण्यावरून केला. गांधीजींनी २५ जानेवारी १९२० रोजी नारायणराव सावरकरांना पत्र लिहून, गुन्हा निव्वळ राजकीय होता हे स्पष्ट करणारा थोडक्यात अर्ज तयार करावा, असे सुचवले होते. २६ मे १९२० च्या 'यंग इंडिया'त त्यांनी सावरकर बंधूंच्या सुटकेची बाजूही मांडली. पण १९११ आणि १९१३ साली गांधीजी दक्षिण आफ्रिकेत होते, ते भारतात परतले जानेवारी १९१५ मध्ये. म्हणजे मंत्र्यांचे विधान पहिल्या अर्जांना लागू पडत नाही, आणि गांधीजींचा या प्रकरणाशी संबंधच नव्हता म्हणणारेही चुकतात. दोन तारखा शेजारी ठेवल्या की दोन्हीकडचा आवाज आपोआप खाली येतो.

अकोल्याच्या विधानावरून लखनौत खटला झाला. २५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या कारवाईला स्थगिती दिली आणि सुनावणीत राहुल गांधी यांना खडे बोलही सुनावले, की स्वातंत्र्यसैनिकांची टवाळी नको. पुन्हा तेच घडले. कुणी स्थगिती छापली, कुणी खडे बोल. तोंडी शेरा आणि आदेश यांतला फरक सांगून दोन्ही गोष्टी छापणे, याला फार विद्वत्ता लागत नाही. प्रामाणिकपणा तेवढा लागतो.

काही वाचक म्हणतील, की हा तटस्थतेचा सोस कशासाठी? आपल्या श्रद्धास्थानावर चिखल उडाला तर आपणही दोन फटके द्यावेत. त्यांना आमचे सांगणे एवढेच, की आपल्याविषयी इतर कसे लिहितात ते आठवा. १ नोव्हेंबरला आपण काळा दिन पाळतो. बाहेरच्या किती बातम्यांत १९५६ च्या राज्यपुनर्रचनेचा उल्लेख असतो? महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, हे किती जण लिहितात? मोर्चातल्या माणसाला न विचारताच त्याला उपद्रवी ठरवले जाते. ऐकीव माहितीवर लिहिलेल्या बातमीचा मार काय असतो, हे सीमाभागातल्या मराठी माणसाला कुणी शिकवायला नको. जो न्याय आपण आपल्यासाठी मागतो, तो न आवडणाऱ्या माणसाला नाकारला तर आपल्या मागणीतला जीवच जातो.

आणि तटस्थता म्हणजे दोघांनाही सारख्याच ओळी वाटून मोकळे होणेही नव्हे. कागद जिथे निर्णय देतो, तिथे तो स्पष्ट सांगायचा, मग तो कुणालाही बोचो. य. दि. फडके यांनी १९८४ मध्ये 'शोध सावरकरांचा' लिहिले ते कागदपत्रांच्या आधाराने. हेच फडके २००० साली आपल्या बेळगावात भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. तेव्हा हा मार्ग आपल्याला परका नाही.

लेखकांना विनंती, की नेत्याचे विधान देताना तारीख, स्थळ आणि मूळ भाषेतले शब्द द्यावेत. अनुवाद असेल तर तसे म्हणावे. न्यायालयाचा उल्लेख करताना आरोप, दोषसिद्धी, स्थगिती आणि मुक्तता हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत. पुढे आलेल्या संदेशाला आधार समजू नये. विशेषणे गाळली तर लेखात काही उरते का, हे पाठवण्याआधी एकदा तपासावे. काही उरत नसेल, तर तो लेख अजून लिहायचाच आहे.

राहुल गांधी जून २०२४ मध्ये लोकसभेतील विरोधी पक्षनेते झाले. त्यांच्यावर यापुढेही लिहावे लागेल, कधी कठोर लिहावे लागेल. सावरकरांविषयी ते पुन्हा बेजबाबदार बोलले तर आम्ही गप्प बसणार नाही. पण तेव्हा आमच्या हातात कागद असेल, आणि तो वाचकांनी आमच्याकडे हक्काने मागावा.