मांडूचा चुना आणि आमचा चिरा

देवास म्हटले की आम्हां गोमंतकीयांना आधी कुमारजी आठवतात. 1948 साली क्षयाने बेजार झालेले कुमार गंधर्व माळव्याच्या कोरड्या हवेसाठी तिथे गेले आणि तिथलेच झाले. मला मात्र देवासच्या मीठा तलावाकाठच्या पवारांच्या छत्र्याही आठवतात, आणि धार जिल्ह्यातल्या मांडूचा जहाज महाल. दोन्ही बाजूंना तळी, मध्ये पंधराव्या शतकापासून उभी असलेली ही चुनेबंद इमारत. पोर्टलँड सिमेंटचे पेटंट निघाले ते 1824 साली!

अशा ठिकाणी कुणीतरी हमखास सांगतो, "चुन्यात गूळ, बेलफळ, उडीद घालायचे हो!" घालत असत, खरे आहे. पण किती? गुळाच्या गोष्टींनी भिंत बांधता येत नाही. त्यासाठी जुन्या चुन्याचा कपचा प्रयोगशाळेत जायला हवा. सौम्य आम्लात चुना विरघळतो, उरलेली वाळू आणि सुरखी चाळून वजन करतात, की प्रमाण कळते. आमच्याकडे यातही गोम आहे. गोव्यात शिंपल्या-खुबे भाजून चुना करत. वाळूत शिंपल्यांचा चुरा असला तर तोही आम्लात विरघळतो आणि चुना होता त्यापेक्षा जास्त दिसतो. म्हणून सूक्ष्मदर्शकाखालीही बघावे लागते.

एवढा खटाटोप कशाला? सिमेंटची भट्टी 1450 अंशांपर्यंत तापवावी लागते, चुन्याला 900च्या आसपास पुरते. शिवाय भाजताना सुटलेला कार्बन डायऑक्साइड चुना घट्ट होताना हवेतून बराचसा परत घेतो. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे 8 टक्के एकट्या सिमेंटचा आहे. आणि जुन्या भिंतीवर सिमेंट चढले की आतली ओल बाहेर पडत नाही, क्षार साचतात, दगड भुगा होतो.

आपला चिरा तर सच्छिद्रच. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूसचा बाहेरचा गिलावा 1950च्या दशकात काढला, तेव्हापासून उघड्या चिऱ्यावर पाऊस कोसळतो आहे. 2020 साली पुन्हा गिलाव्याची मागणी झाली. मला ती पटते. फक्त मांडूची कृती उचलून आणू नका. तिथे पडतो त्याच्या तिप्पट पाऊस आपल्याकडे पडतो. तिथून घ्यायची ती तपासण्याची सवय.

आमच्या गावच्या देवळाच्या दीपस्तंभाला जीर्णोद्धारात सिमेंट फासले. तिसऱ्या पावसाळ्यात पोपडे सुटले. खरवडलेला जुना चुना तेव्हाच टेंपोत भरून शेताच्या बांधावर ओतला होता. मूठभर तरी मी उचलून ठेवायला हवा होता.