धमनीचा ताठरपणा

दंडाला पट्टा बांधला, दोन आकडे ऐकले की आपली तपासणी संपते. धमनीची भिंत किती ताठर झाली, हे त्या आकड्यांत थेट दिसत नाही. त्यासाठी मान आणि जांघ अशा दोन ठिकाणी नाडी टिपून तिच्या लाटेचा वेग मोजतात. ताठर धमनीतून लाट अधिक जोरात धावते. सेकंदाला 10 मीटरच्या वर वेग गेला की डॉक्टर सावध होतात. पण ते यंत्र आणि ते हाताळणारा माणूस तालुक्याच्या दवाखान्यात कुठून आणायचा?

म्हणून रक्तदाब, वजन, साखर अशा नेहमीच्या नोंदींवरून संगणकाकडून हा वेग वर्तवून घेण्याचे प्रयत्न चालू आहेत. कल्पना आम्हाला आवडते. मात्र केवळ वय आणि सरासरी रक्तदाबावरून अंदाज बांधणारं साधं सूत्र आधीच हाताशी आहे. नव्या प्रणालीने त्यावर मात केली का, ते आधी सांगा. नुसत्या ‘अचूकते’चे ढोल नकोत. शिवाय या वेगाचे 2010 सालचे संदर्भ-आकडे युरोपातल्या आठ देशांतले. तरुणपणीच मधुमेह जडणाऱ्या आपल्या लोकांना ते कितपत लागू पडतील? साठीतल्या माणसाच्या धमन्या ताठरल्या आहेत, हे सांगायला संगणक कशाला! पस्तिशीतला, दिसायला ठणठणीत माणूस त्याने अचूक हेरला, तर पुढचं बोलू.