शेवटच्या आठवड्यातला बाण

कोलोराडोतला धनुष्यानं एल्क मारण्याचा हंगाम 30 सप्टेंबरला संपतो. 24-25 तारखेनंतर डोंगरात जे उरतात, त्यांच्यापैकी बहुतेकांचा टॅग, म्हणजे मारलेल्या जनावराला बांधायची परवान्याची चिठ्ठी, कोराच असतो. रजा संपत आलेली, तीन आठवडे चढ-उतार करून पोटऱ्या भरून आलेल्या, आणि घरी फ्रीजर मोठ्या आशेनं रिकामा करून ठेवलेला. हे आवाहन त्या लोकांसाठी आहे, आणि त्यातही आपल्या मराठी मंडळींसाठी. डेन्व्हरपासून फोर्ट कॉलिन्सपर्यंतच्या पट्ट्यात आपल्यातले काही जण आता धनुष्य घेऊन एल्कच्या मागे जाऊ लागले आहेत. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकारीची वाट बंद होत गेली. ते योग्यच झालं, पण त्यामुळे आपल्याला हे काम घरातल्या कुणी थोरल्यानं शिकवलेलं नाही. इथल्या पोराला आजोबा बाराव्या वर्षी जे बजावून सांगतात, ते आपण चाळिशीत व्हिडिओ बघून शिकतो. व्हिडिओत बाण सुटतो आणि एल्क पडतो. मधले तास कापून टाकलेले असतात.

माझी विनंती एकच आहे. पहिल्या दिवशी जो बाण तुम्ही सोडला नसता, तो शेवटच्या दिवशीही सोडू नका.

एल्क दिसायला आपल्या सांबराच्या जातकुळीतला, पण अंगानं आणखी भरलेला. पूर्ण वाढलेला नर 300 किलोच्या पुढे जातो, मादी सव्वादोनशेच्या आसपास. एवढ्या देहाला बाण धक्क्यानं पाडू शकत नाही, तो फक्त कापतो. पात्याची धार दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेली, तर जनावर पुष्कळदा शंभर-दीडशे यार्डांच्या आत खाली येतं. तीच धार एक वीत मागे लागली तर पोटात जाते, आणि त्या जिवाचे तासन् तास हाल होतात. आता हिशेब बघा. चांगल्या कंपाउंड धनुष्याचा बाण सेकंदाला साधारण 80 मीटर जातो. 40 यार्ड म्हणजे साडेछत्तीस मीटर. तेवढं अंतर कापायला त्याला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. दोरीचा आवाज त्याच्या कितीतरी आधी जनावराच्या कानावर गेलेला असतो. अर्ध्या सेकंदात एल्क एक पाऊल टाकतो. ती एक वीत त्या पावलात जाते.

कोलोराडोचा कायदा निदान 35 पौंड ताणाचं धनुष्य आणि निदान 7/8 इंच रुंदीचं पोलादी पातं मागतो. कायद्याची ती सर्वांत खालची पायरी आहे, तिला आपली तयारी समजू नका. तुमचं अंतर कोणतं, हे हंगामाच्या आधी घराच्या मागच्या अंगणात ठरवा, तेही दमलेल्या अंगानं, गुडघ्यावर बसून, जाड जाकीट घालून. माझं 30 यार्ड आहे. धनुष्यावर चिकटपट्टी लावून त्यावर मी तो आकडा लिहिला आहे. लहान मुलासारखं वाटेल, पण चौथ्या आठवड्यात डोकं लहान मुलासारखंच चालतं.

मी हे का सांगतो, तेही सांगतो. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. 26 सप्टेंबरची संध्याकाळ होती आणि मी कोलोराडोतल्याच फ्लॅट टॉप्स डोंगरांच्या एका उतारावर होतो. त्याच हंगामात चौथ्या दिवशी 42 यार्डांवर आडवा उभा राहिलेला नर मी सोडून दिला होता, आणि त्याचा मला अभिमान वाटत होता. 26 तारखेला 45 यार्डांवर एक नर निम्मा माझ्याकडे तोंड करून, तिरपा उभा राहिला. उजेड जात होता. मनात एकच विचार आला, परवा घरी जायचंय. बाण लागल्याचा आवाज बोदा होता. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा. तो आवाज कशाचा, हे मला माहीत होतं, तरी वीस मिनिटांत बॅटरी लावून मी मागावर निघालो. जनावर दोनशे पावलांवर बसलेलं होतं. मी गेल्यामुळे ते उठलं आणि गेलं. रात्री पाऊस झाला. दुसरा दिवसभर मी आणि एक मित्र झाडन् झाड शोधत हिंडलो. 28 ला सकाळी मॅगपाय पक्ष्यांच्या कलकलाटावरून ते सापडलं. एक ओढा ओलांडून, पडलेल्या ओंडक्यांच्या मागे. मांस वाया गेलं होतं. टॅग मी त्याच जनावराला बांधला, कारण ते मी मारलेलं होतं.

आज कोलोराडोत अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त एल्क आहेत. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे ते संपत आले होते. कित्येक वर्षं शिकार बंद ठेवून आणि वायोमिंगहून एल्क आणून सोडून हे कळप पुन्हा उभे केले गेले. त्या सकाळी ओंडक्यापाशी उभा असताना हे मला आठवलं, आणि तेव्हापासून ते विसरता आलेलं नाही.

आता शेवटच्या आठवड्यात करायचं काय? माजाचा ऐन भर साधारण 22 सप्टेंबरच्या आसपास असतो, म्हणजे नर ओरडायचे थांबलेले नसतात. रात्री तर तंबूत झोपू देत नाहीत. पण सप्टेंबरभर माणसांच्या शिट्ट्या ऐकून आणि मधल्या ठासणीच्या बंदुकांच्या हंगामात आवाज सोसून ते उजाडलं की गप्प होतात आणि उत्तरेकडच्या उतारावरच्या दाट स्प्रूसमध्ये शिरतात. जिथे पडझड झालेल्या ओंडक्यांतून माणसाला चालणं नको होतं, तिथे. अशा वेळी जोरजोरात नराची शीळ घालत त्यांच्यामागे धावणं म्हणजे उरलेले कळपही पुढच्या दरीत ढकलणं. शिट्टी पिशवीतच राहू द्या. फार तर मादीचा एखादा हलका आवाज काढा, आणि मग अर्धा तास काही नको.

बसायला शिका. हे मला सर्वांत उशिरा कळलं, म्हणून यावर जरा थांबतो. नर चिखलात लोळतात ती डबकी शोधा. डबक्याच्या काठावर ओला चिखल झाडांच्या बुंध्यांना घासलेला दिसला, तर जागा चालू आहे. चरायच्या कुरणापासून दाट झाडीकडे जाणारी पायवाट सापडली तर ती अधिकच चांगली. पण कुठे बसायचं ते वारा ठरवतो. सकाळी ऊन चढलं की दरीतली हवा वर सरकते, आणि संध्याकाळी सावली पडली की थंड होऊन खाली उतरते. म्हणून सकाळी जनावराच्या वरच्या अंगाला बसा, संध्याकाळी खालच्या. मधला तासभर वारा कुठूनही येतो. त्या वेळात जागेवर जाऊच नका. टाल्कम पावडरची छोटी बाटली खिशात ठेवा आणि चिमूटभर उडवून बघत राहा. एल्क डोळ्यांना फसेल, कानांनाही कधी फसेल, नाकाला फसत नाही. वारा मानेवर लागला की उठा आणि घरी चला, भले तुमचा शेवटचा दिवस असो. त्या जागी उद्या दुसरा कुणी बसेल.

दबा धरून बसण्याचा दुसरा फायदा असा की अंतर आधीच मोजलेलं असतं. ते झाड 22, तो दगड 31. जनावर दगडापलीकडे असलं की हात खाली. पूर्ण आडवं किंवा तोंड पलीकडे वळवून थोडं तिरपं उभं असलं तरच दोरी ओढा. समोरून नाही, खांद्याच्या हाडावर नाही, झुडपातून तर नाहीच. आणि उजेडाचं म्हणाल, तर कायदा सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत परवानगी देतो. झाडीत तुमचा उजेड त्याच्या बराच आधी संपतो. बाण कुठे लागला हे दिसणार नसेल, तर पुढचं सगळं काम आंधळं होतं.

थंडीबद्दल थोडक्यात सांगतो. तीन हजार मीटरवर सप्टेंबरअखेर पहाट शून्याखाली जाते, बर्फही पडतं. दोन तास न हलता बसल्यावर खांदे आखडतात आणि नेहमीचं 65 पौंडांचं धनुष्य ओढलं जात नाही, किंवा हिसका देऊन ओढलं जातं. चार-पाच पौंड ताण कमी करून ठेवा. नेम नीट बसला तर तेवढ्यानं बिघडत नाही. जाकिटाची बाही दोरीला लागते का, हे घरीच बघा. सुती कपडे नकोत, भिजले की ते अंगातली ऊब काढून घेतात. कुठल्या रस्त्यानं वर जाताय आणि कधी परत येणार, हे घरच्यांना कागदावर लिहून द्या, आणि सॅटेलाइटवरून निरोप धाडणारं यंत्र जवळ ठेवा. त्यात काटकसर करू नका.

बाण सुटला तर काय? पहिलं काम, जागेवरून हलू नका. जनावर शेवटचं कुठे दिसलं ते झाड नीट लक्षात ठेवा, घड्याळ बघा. मग बाण शोधा, आणि रक्ताचा रंग बघा. गुलाबी, फेसाळ रक्त फुप्फुसांचं. अर्धा-पाऊण तास थांबा. गडद, काळपट लाल म्हणजे बहुधा कलेजी. तिथे चार ते सहा तास. बाणावर हिरवट-तपकिरी घाण आणि आंबूस वास असेल तर पोट. आठ ते बारा तास जवळसुद्धा जाऊ नका. जखमी जनावर जवळच कुठेतरी बसतं. ते उठवलं नाही तर ते तिथेच मरतं, उठवलं तर मैल-मैल जातं. मागावर पाऊल टाकताना रक्ताच्या थेंबांवर चालू नका, कडेनं चाला, आणि प्रत्येक थेंबापाशी कागदाचा एक तुकडा ठेवत जा. मागे वळून पाहिलं की त्या तुकड्यांची रेघ दिसते आणि जनावर कुठे निघालंय ते कळतं. जखमी केलेल्या जनावराचा माग काढण्याचा प्रामाणिक प्रयत्न करणं कोलोराडोत कायद्यानंही बंधनकारक आहे. दुसऱ्या दिवसाची रजा शिल्लक नसेल, तर आदल्या संध्याकाळी बाण सोडू नका. इतकं सरळ आहे ते.

मांसाचा विचारही दोरी ओढण्याआधी करायचा. मोठ्या नराचं हाडं काढलेलं मांस 90-100 किलो भरतं. एकट्या माणसाच्या पाठीवर त्याच्या चार-पाच खेपा होतात. गाडीपासून आठ किलोमीटर आत, पडलेल्या झाडांच्या उतारावर एकटे असाल, तर समोर 20 यार्डांवर उभा असलेला नरही तुमच्यासाठी नाही. चारही पाय, पाठीच्या कण्यालगतचं आणि आतल्या बाजूचं कोवळं मांस बाहेर आणणं सक्तीचं आहे. पण सक्ती नसती तरी मान आणि बरगड्यांचं मांस टाकू नका. रश्शासाठी त्याच्यासारखं दुसरं नाही.

थंडी आहे म्हणून निश्चिंत राहू नका. एल्कची कातडी म्हणजे गोधडी, आतली ऊब ती बर्फातही धरून ठेवते. पहिल्यांदा खुब्याच्या हाडापाशी मांस आंबतं. म्हणून लगेच सोला, मागचे पाय सांध्यापासून सुटे करा, हाडालगत चीर देऊन वारा लागू द्या, आणि जाळीच्या कापडी पिशव्यांत घालून सावलीत टांगा. प्लॅस्टिकच्या पिशवीत काहीही भरू नका. नर की मादी हे ओळखू येईल असा भाग कुठल्याही एका पायाला नैसर्गिकपणे जोडलेला राहू द्या. तपासणीला थांबवलं की तेच आधी बघतात.

आणखी एक. हरणांना आणि एल्कना मेंदूचा एक असाध्य रोग होतो, सीडब्ल्यूडी. 1967 साली फोर्ट कॉलिन्सलाच, बंदिस्त हरणांमध्ये, तो पहिल्यांदा दिसला. माणसाला तो झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी रोग निघालेल्या जनावराचं मांस खाऊ नये असाच आरोग्य खात्याचा सल्ला आहे. डोकं राज्याच्या वन्यजीव खात्याच्या केंद्रावर तपासणीला द्या. अहवाल येईपर्यंत मांस दुसऱ्या कशात मिसळू नका, पुड्यांवर तारीख घाला. आपल्याकडची रीत म्हणून शेजारीपाजारी आणि मित्रांच्या घरी वाटा पाठवायचा मोह होतो. तो जरूर पाठवा, पण अहवाल हातात आल्यावर.