परसदाराला कडी



भारतातल्या आजी-आजोबांना मदत करता यावी म्हणून आपल्यापैकी काहींनी त्यांच्या संगणकावर व्हीएनसी जातीचा प्रोग्रॅम बसवला आहे. इथे बसून त्यांचा पडदा दिसतो, अडलेले काम होते. सोय उत्तमच. पण तिच्यासोबत न मागता आलेल्या दुसऱ्या सोयीबद्दल आम्हाला थोडे सांगायचे आहे.

व्हीएनसीचा जन्म 1990 च्या दशकात इंग्लंडमधील केंब्रिजच्या प्रयोगशाळेत झाला. पाहणाऱ्याकडे वेगळा प्रोग्रॅम नसला, तरी ब्राउझरमधून जावाच्या साहाय्याने काम भागावे, अशी व्यवस्था त्यात होती. म्हणून दारे दोन झाली. पडदा दाखवणारे 5900 क्रमांकाचे पोर्ट हे पुढचे दार आणि ब्राउझरसाठीचे 5800 हे परसदार. क्रोमने 2015 साली आणि फायरफॉक्सने 2017 साली जावा प्लगइनचा आधार काढून घेतला. परसदाराने येणारा पाहुणा उरला नाही. तरी टाइटव्हीएनसीच्या विंडोजसाठीच्या अनेक आवृत्त्यांत ते दार बसवताक्षणीच उघडे असते.

कोणी म्हणेल, राउटर बाहेरच्यांना अडवतोच की! अडवतो, पण घरच्या वायफायवर येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फोनही असतात. चालू सर्व्हिसमध्ये उद्या एखादी चूक सापडू शकते. बंद सर्व्हिसमधून कोणी शिरू शकत नाही. आणि आजोबांची बँकेची कागदपत्रे त्याच संगणकावर असतात.

आमचे स्पष्ट मत असे की, न लागणारी सोय बनवणाऱ्यानेच बंद ठेवून द्यावी. तो देत नसेल, तर बसवणाऱ्याने ती बंद करावी. 'चालतंय ना, मग कशाला हात लावा' हे धोरण दुसऱ्याच्या घरासाठी बरे नव्हे.

काम पाच मिनिटांचे आहे. टाइटव्हीएनसी सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये 'सर्व्ह जावा व्ह्यूअर टू वेब क्लायंट्स' यापुढची खूण काढा आणि 'अप्लाय' दाबा. नंतर 'नेटस्टॅट' ही आज्ञा '-एएन' जोडून चालवा आणि 'लिसनिंग'च्या ओळींत 5800 दिसत नाही याची खात्री करा. 5900 चालू राहते, त्यामुळे मदत थांबत नाही. मात्र पुढच्या दाराचे कुलूपही तपासा: व्हीएनसीच्या नेहमीच्या पद्धतीत पासवर्डची पहिली 8 अक्षरेच धरली जातात, म्हणून ती सहज ओळखता येतील अशी नकोत.

मुलांनो, हे काम तुम्ही करा. पण आधी आजीला फोन करून आपण काय बंद करतो आहोत आणि का, ते मराठीत समजावून सांगा. संगणक तिचा आहे. तिला विचारूनच हात लावायचा.