टाकीतलं लोखंड, खाडीतलं पाणी

ठाण्यातल्या वर्तकनगरला लागूनच वागळे इस्टेट आहे. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली, तिच्या सुरुवातीच्या वसाहतींपैकी ही एक. बरेच मोठे कारखाने गेले, पण धातुकामाचे छोटे गाळे इथपासून डोंबिवली-अंबरनाथपर्यंत आजही टिकून आहेत. जस्ताचा मुलामा चढवण्याआधी लोखंड ॲसिडच्या टाकीत बुडवावं लागतं. या कामाला पिकलिंग म्हणतात.

टाकीकडे नीट पाहावं. गंज आणि काळी खपली निघाली, की ॲसिड चांगल्या लोखंडाला लागतं आणि हायड्रोजनचे बुडबुडे फसफसत वर येतात. त्यात लोखंड झिजतं, ॲसिड संपतं, आणि बुडबुड्यांबरोबर उडणारे ॲसिडचे बारीक थेंब कामगाराच्या घशात जातात. टाकीत इन्हिबिटर, म्हणजे लोखंडाची झीज रोखणारं रसायन, पडला, की फसफस झपाट्याने उतरते. तरीही चार पैसे वाचवायला तो टाळला जातो, हे मला मुळीच पटत नाही.

या इन्हिबिटरमध्ये आता आयनिक द्रवांचा गाजावाजा आहे. मीठ वितळायला सुमारे ८०० अंश सेल्सिअस लागतात. आयनिक द्रव हेही क्षारच, पण ते १०० अंशांखालीच वितळतात. पॉल वाल्डेन यांनी १९१४ साली असा एक क्षार नोंदवला, तो १२ अंशांनाच पातळ होतो. हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये लोखंडावर आधी क्लोराइड बसतं, त्यावर अशा अनेक द्रवांत असलेलं इमिडाझोलियमचं धनभारित कडं चिकटतं आणि त्याची कार्बनची शेपटी बाहेर राहून पाण्याला दूर ठेवते. प्रयोगशाळेत ९० टक्क्यांहून अधिक संरक्षण मिळाल्याचे निष्कर्ष आहेत.

खरी मेख त्या शेपटीत आहे. ती लांब केली की संरक्षण बहुधा वाढतं, आणि पाण्यातल्या जीवांना होणारी बाधाही वाढते. कारण तीच शेपटी पेशीच्या आवरणातही शिरते. हे द्रव हवेत उडून जात नाहीत, म्हणून त्यांना सरसकट ‘हरित’ म्हणणं मला चुकीचं वाटतं. हवेत न गेलेलं रसायन धुण्याच्या पाण्यात उतरतं, आणि आपल्याला ठाण्याची खाडी जवळ आहे. तिथल्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ साली रामसर दर्जा मिळाला.

त्यामुळे ताज्या ॲसिडमध्ये घासून चकचकीत केलेल्या पट्टीवरचे आकडे मला पुरेसे वाटत नाहीत. विकणाऱ्याने आठवडाभर वापरलेल्या, लोखंडाच्या क्षारांनी हिरवट झालेल्या टाकीत चाचणी करून दाखवावी आणि धुण्याच्या पाण्याचा विषारीपणाचा अहवालही द्यावा. कोलीनपासून बनवलेले द्रव सहसा कमी विषारी असतात. गाळेवाल्यांनी आधी त्यांचीच चाचणी मागावी.